बडोद्याची खाद्यपरंपरा आणि तिचा संमिश्र वारसा : अध्यापकांसाठी एक परिचय

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाच्या पारंपरिक अन्नाची माहिती पाठ्यपुस्तकांत साधारणपणे एकाच साच्यातून दिलेली असते. गुजरात म्हटले की ढोकळा व उंधियो, महाराष्ट्र म्हटले की पुरणपोळी व झुणका-भाकर, आणि मुसलमान समाज म्हटला की बिर्याणी व शिरकुर्मा. परीक्षेत जोड्या जुळवण्यापुरता हा साचा उपयोगी पडतो. प्रत्यक्षात मात्र माणसे स्थलांतर करतात, शेजार बदलतात, नोकरीसाठी परमुलखात स्थायिक होतात आणि या प्रत्येक घडामोडीचा ठसा त्यांच्या ताटावर उमटतो. म्हणून अन्न हे समाजाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन मानले पाहिजे.

प्रस्तुत लेखात बडोदे शहराच्या उदाहरणावरून हा विषय मांडण्याचा प्रयत्न केला आहे. शहराच्या दक्षिण टोकाचे तरसाली हे मूळचे स्वतंत्र गाव. शेजारच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीमुळे व शहराच्या विस्तारामुळे ते आता शहराचाच भाग झाले आहे. जुनी गुजराती कुटुंबे, राजवटीच्या काळापासूनची मराठी घरे, खानदेशातून कामधंद्यासाठी आलेले लोक, उत्तर भारतीय कामगार व मुसलमान कुटुंबे असा संमिश्र समाज या दक्षिण भागात राहतो. अशा वस्तीतील विद्यार्थी ज्या वर्गात एकत्र बसतात, तेथे ‘आपले पारंपरिक अन्न’ हा धडा कसा शिकवावा, हा या लेखाचा व्यावहारिक हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात पिलाजीराव गायकवाड यांनी सोनगडच्या किल्ल्यावरून गुजरातेत आपला जम बसवला. १७३२ मध्ये डाकोर येथे त्यांची हत्या झाली. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या ताब्यात आले आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. सुमारे दोनशे पंधरा वर्षांच्या या कालखंडात शिलेदार, कारकून, शास्त्री, वैद्य, शिक्षक व कारागीर अशा अनेक मराठी कुटुंबांनी येथे घरे केली. त्यांत मराठा होते, देशस्थ, कोकणस्थ व कऱ्हाडे ब्राह्मण होते, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. प्रत्येकाने आपापल्या गावची चूल सोबत आणली. त्यामुळे ‘बडोद्याचे मराठी जेवण’ असे एकसंध काही पहिल्यापासून नव्हतेच. प्रभूंच्या घरी वालाचे बिरडे व निनाव, देशस्थांच्या घरी काळ्या मसाल्याची आमटी, मराठ्यांच्या घरी मटणाचा रस्सा अशी विविधता होती.

तिसरे सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांच्या कारकिर्दीत बडोदे हे विद्या व कलेचे केंद्र बनले. १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. याच राजवटीत उस्ताद मौलाबक्ष यांनी संगीताची शाळा उभी केली. पुढे उस्ताद फैयाज खाँ येथे दरबारगायक झाले. जुम्मादादा या मुसलमान वस्तादांच्या नावाची व्यायामशाळा प्रा. माणिकराव यांनी नावारूपाला आणली. बडोद्याचा मराठी वारसा हा पहिल्यापासून असा अनेक समाजांच्या सहभागातून घडलेला आहे. अन्नाच्या बाबतीतही तेच दिसते.

शब्द काय सांगतात

खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासात पदार्थांची नावे हा पहिला पुरावा होय. बडोद्याचा सर्वांत लोकप्रिय रस्त्यावरचा पदार्थ म्हणजे ‘सेवउसळ’. वाटाण्याची पातळसर, झणझणीत उसळ, वर शेव, कांदा, लसणाची चटणी, वेगळी ‘तरी’ आणि सोबत पाव. ‘उसळ’ व ‘तरी’ हे दोन्ही शब्द मराठी आहेत. आज गुजराती, मराठी, मुसलमान, सर्वच लोक ते सहज वापरतात. महाराष्ट्रातील मिसळीशी या पदार्थाचे नाते उघड आहे; फरक इतकाच की मिसळीत बहुधा मोडाची मटकी व मिश्र फरसाण असते, तर येथे वाटाणा व निव्वळ शेव असते. खानदेशातील शेवभाजी आणि गुजरातेतील सेव-टमेटा हेही याच गोतातले. तिखट रश्शात शेव भिजवून खाणे ही तापीच्या दोन्ही काठांवरची सामायिक आवड आहे.

काही पदार्थ एकच, नावे दोन. गुजराती ‘खांडवी’ म्हणजे मराठी ‘सुरळीची वडी’. ‘पातरा’ म्हणजे ‘अळूवडी’. ‘घूघरा’ म्हणजे ‘करंजी’. कोवळ्या ज्वारीला महाराष्ट्रात ‘हुरडा’ म्हणतात, सुरत-बडोदे पट्ट्यात ‘पोंक’. उलट काही शब्द एकच, पण पदार्थ दोन. मराठी माणसाची ‘भाकरी’ ज्वारी-बाजरीची असते. गुजराती घरात ‘भाखरी’ म्हणजे गव्हाची जाड, खुसखुशीत पोळी आणि बाजरीच्या भाकरीला तेथे ‘रोटलो’ म्हणतात. पुरणपोळी दोन्ही समाजांत होते. मात्र मराठी पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, तर गुजराती पुरण तुरीच्या डाळीचे. बडोद्यातील मराठी घरांत ही सगळी नावे शेजारी शेजारी नांदतात. नव्या पिढीचे मराठी बोलणे कमी होत गेले तरी ‘आमटी’, ‘थालीपीठ’, ‘मेतकूट’, ‘कोशिंबीर’ हे शब्द घरात टिकून राहतात. स्वयंपाकघर हा भाषेचा शेवटचा आसरा असतो, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हाच न्याय फारसी-अरबी शब्दांनाही लागू आहे. ‘बर्फी’ हा शब्द फारसी ‘बर्फ’पासून आला, ‘जिलेबी’ अरबी ‘जलाबिया’पासून. ‘मलिदा’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. फारसी ‘मालीदन’, म्हणजे चोळणे वा कुस्करणे, हे त्याचे मूळ. मुसलमान घरांत पोळी कुस्करून त्यात तूप व गूळ किंवा साखर घालून मलिदा करतात. कोकण किनाऱ्यावरील मराठीभाषक बेने इस्राएल, म्हणजे ज्यू, समाजात पोहे, ओले खोबरे व फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नाबी यांच्या स्मरणार्थ केला जातो. आणि मराठी बोलण्यात ‘मलिदा खाणे’ म्हणजे आयता लाभ उपटणे! एकच शब्द तीन समाजांत तीन अर्थांनी जगतो आहे.

पद्धतींतील साम्य

नावांपेक्षाही खोलवरचा पुरावा कृतीत सापडतो. मराठी घरात पुरणासाठी डाळ शिजवली की वरचे पाणी, म्हणजे ‘कट’, फेकत नाहीत. त्याची मसालेदार कटाची आमटी होते. बोहरा समाजात दाळ-चावलसोबत ‘पालिदू’ नावाचा पातळ प्रकार करतात. त्याचाही आधार तुरीची डाळ शिजवलेले पाणी हाच असतो. दोन समाज, दोन धर्म, दोन मसाले. पण डाळीचे पाणी वाया घालवायचे नाही, ही गृहिणीची काटकसर एकच.

दुसरे उदाहरण वालाच्या शेंगांचे. दक्षिण गुजरातेत वलसाड भागात मातीच्या मडक्यात शेंगा व कंद घालून, पाला कोंबून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. त्याला ‘उंबाडियुं’ म्हणतात. ‘उंधियो’ हे नावही ‘ऊंधुं’, म्हणजे उपडे, यावरूनच पडले. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगांची ‘पोपटी’ लावतात. तेथेही मडके, तेथेही भांबुर्डीचा पाला, तेथेही उपडे मडके. कित्येक ठिकाणी त्यात अंडी व कोंबडीही घालतात. राज्याची सीमा १९६० मध्ये आखली गेली. वालाचे शेत व मडके त्याच्या कितीतरी आधीचे आहे.

एकत्र जेवण्याच्या रीतीकडेही लक्ष दिले पाहिजे. अलवी बोहरा समाजाचे मुख्य केंद्र बडोद्यातच आहे. बोहरा कुटुंबे सफऱ्यावर मोठा ‘थाळ’ मांडून त्याभोवती बसतात, चिमूटभर मीठ चाखून जेवणास आरंभ करतात आणि सर्वजण एकाच थाळातून जेवतात. मराठी पंगतीत प्रत्येकाचे पान वेगळे असते, पण तेथेही मीठ पानात प्रथम वाढले जाते आणि डावी-उजवी बाजू ठरलेली असते. जेवणाला शिस्त असावी, अन्न वाया जाऊ नये आणि आरंभ कृतज्ञतेने व्हावा, या तीन गोष्टी दोन्हीकडे समान आहेत.

बडोदे हे आदिवासी पट्ट्याचेही शहर आहे. २०१३ पर्यंत छोटाउदेपूरचा प्रदेश बडोदे जिल्ह्यातच होता. तेथील राठवा समाज पिठोरा चित्रांसाठी सर्वांना माहीत आहे. त्यांचा मक्याचा रोटला, उडदाची डाळ आणि मोहाचा वापर यांची मात्र खाद्यपरंपरेच्या चर्चेत क्वचितच दखल घेतली जाते. डॉ. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्यात स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेने व तेजगढच्या आदिवासी अकादमीने या समाजांच्या भाषा व ज्ञान यांची नोंद करण्याचे मोठे काम केले आहे. ज्यांचे नाव फलकावर नाही त्यांचे अन्नही वारसाच आहे, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे.

‘पारंपरिक’ म्हणजे किती जुने?

विद्यार्थ्यांच्या मनात पारंपरिक म्हणजे अनादि काळापासून चालत आलेले, अशी समजूत असते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका व भुईमूग ही पिके मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या मार्फत ती हळूहळू भारतात आली. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज आहे. म्हणजे सेवउसळीतील तिखटपणा व पाव, बडोद्याच्या ‘लीलो चेवडो’तील बटाटा, राठव्यांच्या रोटल्यातील मका आणि उपवासाच्या खिचडीतील दाण्याचे कूट या सर्व गोष्टी पाचशे वर्षांपूर्वी येथे नव्हत्या. त्याआधी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व आले वापरले जाई.

याचा एक उत्तम पुरावा बडोद्यातूनच छापला गेला आहे. कल्याणीचे चालुक्य राजे तिसरे सोमेश्वर यांनी बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बडोद्याच्या ‘गायकवाड ओरिएंटल सीरिज’मध्ये १९२५ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात धोसक, इड्डरिका, वटक अशा पदार्थांची वर्णने आहेत. डोसा, इडली व वडा यांचे हे पूर्वज. त्याच प्रकरणात मांस व मासे यांच्या पाककृतीही विस्ताराने दिल्या आहेत. मिरची, बटाटा व टोमॅटो मात्र त्यात कोठेही नाहीत. राजाच्या मुदपाकखान्यातील हे नोंदवहीसारखे वर्णन वाचले की परंपरा ही सतत बदलत आली आहे आणि आपण जे ‘शुद्ध’ मानतो ते मिश्रणातूनच सिद्ध झाले आहे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येते.

अन्न आणि भेदभाव

येथवर वर्णन केलेले चित्र सौहार्दाचे आहे. परंतु ते अर्धेच चित्र होय. अन्न माणसांना जोडते, तसेच त्यांना दूर ठेवण्याचे हत्यारही बनते. हे न सांगता वारसा शिकवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते काही दिवस राहिले. ओळख कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडण्यास भाग पाडले. हिंदू व ख्रिस्ती मित्रांकडेही आसरा मिळाला नाही आणि अखेर त्यांना शहर सोडावे लागले. कचेरीत त्यांना पिण्याचे पाणीही सहजी मिळत नसे. ज्या संस्थानात शिक्षण सक्तीचे होते व अंत्यजांसाठी शाळा होत्या, तेथेही घराचा उंबरा आणि पाण्याचे भांडे यांपुढे सुधारणा थांबली होती. सहभोजनाचा प्रश्न हा आपल्या समाजात केवळ चवीचा कधीच नव्हता.

अलीकडचे उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधील आहे. राजकोट, बडोदे व अहमदाबाद येथे मांसाहारी पदार्थांच्या गाड्या हटवण्याच्या किंवा पदार्थ झाकून ठेवण्याच्या सूचना महापालिकांच्या पातळीवरून निघाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये गाडीवाल्यांच्या याचिकेवर सुनावणी करताना, लोकांनी घराबाहेर काय खावे हे तुम्ही कसे ठरवता, अशा आशयाचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेला विचारला. या वादात ‘गुजरात शाकाहारी आहे’ असे वारंवार म्हटले गेले. भारताच्या महानिबंधकांच्या २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार गुजरातेतील सुमारे ६१ टक्के प्रौढ लोक शाकाहारी आहेत. म्हणजेच दहांतील जवळजवळ चारजण तसे नाहीत. त्यांत मुसलमान आहेत, तसेच आदिवासी, दलित, कोळी, मराठा, प्रभू आणि इतरही आहेत. महाराष्ट्रात शाकाहारींचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. बहुसंख्यांची आवड ही संपूर्ण प्रदेशाची ओळख ठरवली की उरलेल्यांची चूल आपोआप परकी ठरते. वर्गात डबा उघडताना हात आखडणारा विद्यार्थी याच विचाराचा बळी असतो.

अध्यापनासाठी काही सूचना

सामुदायिक महाविद्यालयांत खाद्यप्रक्रिया, खानपान सेवा, पर्यटन व पोषण यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. त्यांत पुढील उपक्रम फारसा खर्च न करता घेता येतील.

१. शब्दसंग्रह. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वीस पदार्थ, भांडी व मसाले यांची घरात बोलली जाणारी नावे लिहून आणावीत. वर्गात त्यांची तुलना करावी. एक पदार्थ–अनेक नावे आणि एक नाव–अनेक पदार्थ असे दोन तक्ते तयार होतात.

२. तीन पिढ्यांची नोंद. एकच पदार्थ आजी, आई व आपण कसा करतो, हे विचारून लिहावे. कोणता जिन्नस बदलला, केव्हा व का बदलला, याचे कारण जरूर विचारावे. चुलीऐवजी गॅस आला, पाट्याऐवजी मिक्सर आला, रेशनवर गहू मिळू लागला, अशी उत्तरे मिळतात आणि घरातील इतिहासाला काळाची जोड मिळते.

३. पिकांचा नकाशा. एका ताटातील दहा जिन्नस घेऊन त्यांचे मूळ स्थान जगाच्या नकाशावर दाखवावे. इतिहास व भूगोल यांचा सांधा यातून चांगला जुळतो.

४. पोषणाचा विचार. धान्य व डाळ एकत्र खाल्ल्यास प्रथिनांची उणीव परस्परांकडून भरून निघते. धान्यात लायसिन कमी असते, ते डाळीत मिळते, आणि डाळीत मिथिओनिन कमी असते, ते धान्यात मिळते. खिचडी, वरण-भात, दाळ-चावल, डाळ-रोटला व मुसलमान घरांतील खिचडा हे सर्व या एकाच सूत्रावर उभे आहेत. निरनिराळ्या समाजांनी अनुभवातून एकच उत्तर शोधले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार भावते.

५. उपजीविकेशी सांगड. भौगोलिक निर्देशनाच्या १९९९ च्या कायद्यानुसार हैदराबादी हलीमला २०१० मध्ये, भालिया गव्हाला २०११ मध्ये आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये नोंदणी मिळाली. अशा नोंदणीसाठी पदार्थाचा प्रदेशाशी असलेला संबंध लेखी पुराव्याने दाखवावा लागतो. घराघरांतील कृती लिहून ठेवण्याचे आर्थिक मोलही त्यामुळे विद्यार्थ्यांस कळते.

हे उपक्रम घेताना काही पथ्ये पाळावीत. कोणालाही पदार्थ आणण्याची वा चाखण्याची सक्ती करू नये. रमजानचे रोजे, एकादशी, जैनांचे कंदमुळांचे वर्ज्य यांचा मान राखावा. बटाट्याऐवजी कच्चे केळे वापरणारा जैन स्वयंपाक हाही अभ्यासाचा सुंदर विषय आहे. गरीब घरातील अन्नाची ‘साधे’ म्हणून बोळवण करू नये. ज्या घरात भाकरीसोबत केवळ चटणी असते, त्या घराची नोंदही तितक्याच आदराने घ्यावी. नोंद देणाऱ्या आजींचे नाव त्यांच्या संमतीनेच वहीत लिहावे आणि लिहिल्यास ते ठळकपणे लिहावे, कारण पाककृतींच्या इतिहासात बायकांचे श्रम बहुधा निनावीच राहिले आहेत.

समारोप

बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ व २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने भरली. ग्रंथांतून टिकणाऱ्या वारशाची काळजी घेणाऱ्या संस्था आहेत व असाव्यात. चुलीपाशी टिकणाऱ्या वारशाला मात्र अशी संस्था नसते. तो एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी जातो आणि एका पिढीने विचारले नाही तर तेथेच संपतो. कटाची आमटी व पालिदू, पोपटी व उंबाडियुं, मिसळ व सेवउसळ या जोड्या ध्यानात आणून देणारा शिक्षक विद्यार्थ्यांना पाककृतीहून अधिक काही देत असतो. शेजाऱ्याचे ताट हे आपल्याच ताटाचे नातलग आहे, हे त्याला पुराव्यानिशी दाखवता येते. तरसालीसारख्या संमिश्र वस्तीतील वर्गात तर हा पुरावा प्रत्येक विद्यार्थ्याच्या डब्यातच असतो. तो उघडायला लाज वाटू नये असे वातावरण वर्गात निर्माण करणे, ही या विषयाच्या अध्यापनाची पहिली पायरी होय.